दारचा बोकड

भोरला आमच्या आळीतली आठ घरं मिळून आखाडातल्या शेवटच्या रविवारी एक बोकड घेतात. त्याचे आठ सारखे वाटे घालतात, आणि आपला वाटा हलका आला म्हणून दरवर्षी कुणीतरी फुगून बसतं. बहुतेक वेळा मीच. पण रस्सा ओरपला की राग जातो आणि आम्ही सगळे म्हणतो, "कोंडिबामामा, अशी चव बाजारात नाही!"

भोंगवलीचे कोंडिबामामा पंचवीस वर्षं आम्हाला बोकड शोधून देत होते. स्वतः शेतकरी, पण जनावराचं वेड भारी. पाठीवरून हात फिरवून मटण किती पडेल ते सांगायचे. मोबदला म्हणून मुंडी आणि पाय न्यायचे, बाकी कशाला हात लावत नसत.

त्यांचा हट्ट एकच. बोकड बाजारातला नको, दारचा हवा. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, तिथंच वाढलेला. त्याची त्यांची परीक्षाही होती. सौदा झाला की गावाबाहेर यायचं आणि दावं सोडून द्यायचं. दारचा बोकड पळत घर गाठतो. बाजारातून आणलेला तिथंच पाला खात उभा राहतो. या परीक्षेपायी मामा चिखलातून किती बोकडांमागं धावले असतील, त्याची गणती नाही. आम्ही त्यांची टिंगल करायचो.

एका घरी मात्र ते परीक्षा घेत नसत. पासलीचे गेनबा हे त्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त, आणि गेली दहा वर्षं आमचा आखाडाचा बोकड त्यांच्याच घरचा. "दोस्ताच्या दारात परीक्षा घेनं म्हंजी त्याच्या तोंडावर थुकनं," मामा म्हणायचे.

यंदा मीही टेम्पोत बसून पासलीला गेले. इतकी वर्षं ज्या घरचं खाल्लं, ते घर तरी बघावं म्हणून. खाचरं पाण्यानं भरलेली, अंगणात चिखल, खुंट्याला एक तांबडा बोकड. गेनबांनी चहा दिला. बोकड घर सोडताना घरच्या बाईनं त्याला हळद-कुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा भरवायचा, ही त्या घरची रीत. पण गेनबांच्या बायको अक्काबाई बाहेर आल्या नाहीत.

"तिला बघवत न्हाई," गेनबा म्हणाले.

"तीन सालं झाली, अशीच आत बसती," मामा माझ्या कानाशी बोलले. "लई माया लावती जनावराला."

दरवर्षी गेनबा स्वतः बोकड उचलून टेम्पोत चढवायचे. यंदा त्यांची कंबर धरली होती. मामांनी टेम्पोची फळी पाडली, खुंट्याचं दावं सोडलं, आणि बोकड आपणहून उडी मारून टेम्पोत चढला. थेट कोपऱ्यात गेला आणि पाय फाकवून, तोल सांभाळून उभा राहिला. रोजचा प्रवासी एसटीत जागा धरतो तसा.

मला हसू फुटलं. मामांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. दारचा बोकड टेम्पोला बिचकतो, ओढला तरी चढत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"गेनबा, कुठल्या बाजारातला हाय ह्यो?"

"अरं, घरचाच की."

"मंग वहिनीला बोलीव. तिला कुंकू लावू दी. म्या गप निघून जातो."

गेनबा जागचे हलले नाहीत. अक्काबाईच दारात आल्या, रिकाम्या हातानं. "भावजी, माजं गुडघं गेलं. तीन सालांमागं शेरडं इकून टाकली. हे बाजारातनं आणत्यात आन चार दिस खुट्याला बांधत्यात. इकतच्या जनावराला घरचं म्हून कुंकू कसं लावू म्या?"

मामांनी गेनबांकडं बघितलं. "सांगायचं व्हतंस. म्या दुसरं दार बघितलं असतं."

"म्हून तर न्हाई सांगितलं," गेनबा खाली मान घालून म्हणाले. "मंग तू हितं कशाला आला असतास?"

"म्या बोकडासाठी येत व्हतो व्हय रं?"

एवढंच. मामांनी बोकड खाली उतरवला, पुन्हा खुंट्याला बांधला आणि टेम्पोत येऊन बसले. भोरपर्यंत मी गेनबांना शिव्या घालत होते. केसानं गळा कापला मेल्यानं, असं चारदा तरी म्हणाले.

आळीत वाटण वाटून तयार होतं. रिकाम्या टेम्पोजवळ उभं राहून मामांनी आठही घरांपुढं हात जोडले. "तीन सालं म्या तुमाला बाजारातलं खाऊ घातलं, दारचं म्हून. शबूद माजा व्हता. माफी करा."

कुणी रागावलं नाही. एकजण तर लगेच पिशवी घेऊन मटणाच्या दुकानाकडं निघाला. मामा तसेच हात जोडून उभे. मला त्यांची कीव आली आणि नको तिथं माझं तोंड चाललं.

"मामा, मनाला लावून घेऊ नका. चव तर तीच होती की. आम्हाला कुणालाच फरक कळला नाही."

मामांनी हात खाली घेतले. गेनबांकडं बघताना त्यांच्या डोळ्यांत राग होता. माझ्याकडं बघताना तोही नव्हता.

"फरकच न्हाई कळला?" ते म्हणाले. "मंग पंचवीस वर्सं म्या काय हुडकीत हिंडलो, ताई?"