आधीचा केक, नंतरचा केक

आमचे हे बेकरीत केकवर अक्षरं काढतात. क्रीमची पिशवी हातात आली की ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मीही मान्य करते, आणि मी ह्यांचं सहसा काही मान्य करत नाही. पण गिऱ्हाइकानं सांगितलं आणि ह्यांनी लिहिलं, असं कधी होत नाही. आधी उलटतपासणी. कोणासाठी? काय झालंय? झालंय की व्हायचंय?

कारण ह्यांच्या मते इंग्रजीत नशिबाला एक शब्द नाही, अख्खं कुटुंब आहे, आणि प्रत्येकाचा मान वेगळा. परीक्षा, मुलाखत, ऑपरेशन, म्हणजे जे अजून व्हायचंय, त्याला ‘गुड लक’. होऊन गेल्यावर लक चालत नाही. पास झालेल्या मुलीच्या केकवर एका बापाला ‘लकी गर्ल’ हवं होतं, तर हे म्हणाले, "अहो, वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला पोरीनं, आणि श्रेय नशिबाला?" ‘फ्ल्यूक’ म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तो केकवर लिहायचाच नाही, माणूस दुखावतो. ‘फॉर्च्यून’ला पैशाचा वास येतो, तो दुकानाच्या उद्घाटनाला ठीक. आणि ‘ब्लेसिंग’ फक्त बाळाला, कारण ते कमावलेलं नसतं, दिलेलं असतं. तेही बाळ घरी आल्यावर. आधीच लिहून ठेवा म्हणणाऱ्याला सरळ नकार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असला कारभार ह्यांच्याकडे नाही. मालक कपाळाला हात लावतो, पण गिऱ्हाइकं परत परत ह्यांनाच विचारत येतात.

तर आमच्या लेकीला दिवस भरायच्या आतच मुलगा झाला. तळहाताएवढा जीव, जन्मल्याबरोबर काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच काही सांगता येत नाही." झालं. लेकीनं सगळ्यांना बजावलं, कोणाला कळवायचं नाही, कोणी अभिनंदन करायचं नाही. जावई बिचारा जिन्यात उभा राहून नातेवाइकांचे फोन कापायचा. मुलगा झाला, हे शब्द कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. लेक काचेपाशी बसून राहायची, आणि विचारलं तर म्हणायची, "पेशंट आहे तसाच आहे." पोटच्या पोराला पेशंट म्हणायची.

एका दुपारी हे खोका घेऊन दवाखान्यात आले. मला वाटलं, नर्सबायांना बिस्किटं आणली असतील. उघडून बघते तर केक, आणि त्यावर ‘ब्लेसिंग’.

मी ह्यांचा दंडच धरला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? बाळ अजून पेटीत आहे. कुठे गेला तुमचा नियम?"

"आधी ‘गुड लक’च लिहिलं होतं," हे म्हणाले. "खरवडून काढलं. जे व्हायचं असतं, त्याला ते लिहितात. हा झालाय ना? उद्याचं मला माहीत नाही. पण आज तो आहे, आपल्याला मिळालाय, हे काही खोटं नाही."

मला ह्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं, ते राहूनच गेलं. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांच्याबद्दल त्या क्षणाइतकी माया मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात लेक बाहेर आली. केक बघून तिचा चेहरा कडक झाला. "बाबा, मी सांगितलं होतं ना, अजून काही नक्की नाही."

हे खोका दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले. एकच तर शब्द होता, पण ती कितीतरी वेळ तो वाचत राहिली. मग बाकावर बसली आणि रडली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच, अगदी पोटातून. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

ड्यूटी बदलून नुकतीच आलेली एक नर्स रडणं ऐकून घाबरून धावत आली. "ताई, काय झालं?"

लेकीनं पदरानं तोंड पुसलं, ह्यांच्या हातातून खोका घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"मला मुलगा झालाय," ती म्हणाली.