साळ्यानं लिहिलेलं मशीनचं पुस्तक

ज्या वस्तूसोबत कागद आला नाही ती वस्तू या जगात आहे, हेच माझा साळा मानत नाही. त्याच्या टॉर्चच्या खोक्यावर लिहिलं होतं की वापर नसताना सेल काढून ठेवावेत. तेव्हापासून टॉर्च विझवला की तो सेल काढून कपाटात ठेवतो, आणि लाइट गेली की काडेपेटीच्या उजेडात टॉर्चचे सेल शोधतो. लग्नात त्याला कुकर मिळाला. त्याची पहिली शिटी वाजली तिसऱ्या दिवशी, कारण पुस्तिका वाचायला दोन दिवस गेले. तोवर नवी नवरी बिचारी पातेल्यात भात शिजवत होती. घरातला पंखा कुणीतरी खोक्याशिवाय दिला, म्हणून तो आजवर दोन नंबरच्या पुढे फिरला नाही. भर मे महिन्यात आम्ही घामानं थबथबलेलो, मी म्हटलं, "अरे, तीनवर कर ना!" तर म्हणे, "भाऊजी, तीनवर काय होते हे कुठं लिहेल हाय?" मध्य प्रदेशातल्या बैहरच्या कचेरीत अख्खी नोकरी बाबू म्हणून केलेला माणूस, निवृत्तीनंतर बालाघाटात राहायला आलेला. कागदानं त्याला पगार दिला, पेन्शन दिली, त्यामुळे तो कागदाला देवासारखा धरतो. मी चौथी नापास. बालाघाटात खरादीचं, म्हणजे लेथचं, दुकान, चाळीस वर्षं लोखंड सोलत आलो. आमचं दोघांचं जमावं असं काही नव्हतंच. त्याची बहीण माझी बायको होती, एवढंच.

ती दोन वर्षांमागे गेली. सरळ सांगतो, त्यानंतर मला घर नकोसं झालं. सकाळी आठला शटर उघडायचो आणि अंधार पडेपर्यंत दुकानातच राहायचो. घरी गेलं की भिंतींकडे पाहावं लागतं. साळा रोज चारला यायचा, स्टुलावर बसायचा, फळीवरच्या ग्रीसच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचायचा आणि सहाला उठून जायचा. बहिणीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. तिकडे दुकानाचं कामही आटलं. खरादीवर लोखंड गोल होतं, पण चाकाला दात पाडता येत नाहीत. त्याला मिलिंग मशीन लागते, ज्यात हत्यार फिरतं आणि लोखंड त्याच्याखालून हळूहळू सरकतं. राइस मिलवाले दाताचं काम घेऊन नागपूर, गोंदियाला जायला लागले. पोरगा नागपुरात. तो दर फोनला म्हणे, "बाबा, दुकान विका, इकडं या." शेवटी मी त्याला शब्द दिला: एक मिलिंग घेऊन पाहतो. नाही चालली तर चावी तुझ्या हातात देतो आणि तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसतो. शब्द दिला त्या दिवसापासून मी दुकानाची चावी उशाखाली घेऊन झोपायला लागलो.

नवी मशीन माझ्या आवाक्याबाहेरची. बैहरकडे एका बंद पडलेल्या वर्कशॉपातली जुनी मशीन भंगाराच्या भावात मिळते असं कळलं. साळ्याला नेऊ नये असंच माझ्या मनात होतं, पण तो आधीच बस स्टँडवर फाइल घेऊन उभा. फाइल रिकामी होती. "कागद ठेवाले काही पाह्यजे ना," म्हणाला. वर्कशॉपात भंगारवाला कबाडी आमची वाट पाहत होता. मशीन कोपऱ्यात, अंगावर कबुतरांची विष्ठा, पाटीवरची अक्षरं परदेशी, अशी की बालाघाटात काय, जबलपुरातही कुणी वाचली नसती. मी टेबल हलवून पाहिलं, दांडा फिरवून ढिलाई पाहिली, बेअरिंगला कान लावला. वर्कशॉपची लाइट कधीच कापलेली, म्हणून चालवून पाहायचा प्रश्नच नव्हता. साळ्यानं मशीनकडे पाहिलंही नाही. त्यानं कबाड्याला विचारलं, "इसका किताब कहाँ है?"

कबाड्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. वाळवीनं अर्धा खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यात एक चित्र आणि तेल कुठं घालायचं त्याचे बाण.

"बाकी?"

"बाकी दीमक ने पढ़ लिया, चाचा."

"बिना किताब के कैसे ले लें?"

"चाचा, मशीन बेच रहा हूँ, बहू नहीं, जो कुंडली माँग रहे हो."

मी हसलो. साळा हसला नाही. त्यानं मला बाजूला ओढलं. "भाऊजी, नका घेऊ. बंद मशीन, बिनाकागदाची. फसले तं पोरगा तुमाले इथं राहू देणार नाई." हे तो बोलला आणि मला कळलं की भीती मला एकट्यालाच नव्हती. मी चारला दुकानात नसलो तर तो कुठं जाणार होता? तरी मी मशीन घेतली. ट्रकात चढवताना साळा दोरखंडाची गाठ पाहत होता आणि पुटपुटत होता, "काहून आइकत नाई तुम्ही, काहून आइकत नाई."

मशीन दुकानात आली, वायरमननं मोटर जोडली, आणि ती फिरली. आवाज दमेकऱ्यासारखा, पण फिरली. आता कोणता दांडा काय करतो हे शोधायचं होतं. मी सरळ हात घालणार, तर साळा मध्ये. "थांबा. पह्यले लिहू." दुसऱ्या दिवशी तो जाड कव्हरची वही, पट्टी आणि दोन रंगांचे पेन घेऊन आला. पुढचे तीन आठवडे चारची वेळ गेली, तो सकाळी नऊलाच हजर व्हायचा. मी दांडा फिरवायचा, त्यानं फेरे मोजायचे, पट्टी लावायची, लिहायचं. शुद्ध सरकारी हिंदीत, कलमं पाडून. पहिलंच कलम होतं, "मशीन चालू करने से पूर्व सुनिश्चित किया जाए कि मशीन बंद है." मी म्हटलं, "अरे, बंद नसंल तं चालू काहून करीन?" तर म्हणे, "नियम मूर्खासाठी असते भाऊजी, मनावर नका घेऊ." मी हरकती घ्यायचो, तो त्या तळटीपेत लिहायचा. दोन वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या तीन आठवड्यांत बोललो, सगळं दांड्यांबद्दल.

मग जवळच्या लालबर्रा गावच्या एका मिलवाल्याचा फोन आला. त्याच्या मिलचं चोवीस दाती चाक फुटलं होतं, धान येऊन पडलेलं, नागपूरवाले आठ दिवस मागत होते. "काका, परसों तक दे दोगे तो आगे का सब काम तुम्हारा," म्हणाला. मी हौ म्हटलं. पोरग्याला दिलेला शब्द या एका चाकावर येऊन बसला. दुकानात चांगलं लोखंड दोन चाकांपुरतंच होतं.

दात पाडायचं काम असं असतं. मशीनसोबत एक तबकडी आली होती, तिच्यावर छिद्रांची रांग. दांड्याची खुंटी छिद्रातून काढायची, दांडा फिरवायचा की चाक थोडं पुढं सरकतं, मग मोजून पुढच्या छिद्रात खुंटी बसवायची आणि एक खाच पाडायची. साळ्यानं दोन पानं गणित करून काढलं होतं: दर दाताला एक पूर्ण फेरा आणि वर बारा छिद्रं. गणित बरोबर होतं. पण छिद्रं कशी मोजायची त्याचं वेगळं कलम त्यानं लिहिलं होतं, की खुंटी जिथं आहे ते छिद्र एक धरावं. मी वाचलं आणि तसंच केलं. कमी शिकलेल्या माणसाची ही खोड आहे, लिहिलेलं समोर आलं की हाताला कळत असलेलंही तो विसरतो.

दिवसभर दात पाडले. तेवीस दात सुरेख आले. चोविसावा आला तीन दातांएवढा जाड, जणू तोंडात दाढेऐवजी उखळ बसवलं.

मी मशीन बंद केली आणि खाली बसलो. साळ्याचा चेहरा पांढरा. "मोजलं कसं तुम्ही?"

"तू लिहेल तसं!"

"मंग तं बरोबर हाय. सोमवार ते शुक्रवार रजा घेतली, तं रजा पाच दिवस. सोमवार धराच लागते. मी हजार अर्ज मोजले असे."

मी विचारलं, "अन् सोमवारी निघून शुक्रवारी पोचलं, तं मुक्काम किती रे?"

त्यानं बोटं मोजली. एकदा, दोनदा. "चार," म्हणाला, अगदी हळू. दर दाताला एक छिद्र कमी पडत गेलं होतं, आणि ते सगळं शेवटच्या दातावर साठलं होतं. मग वही मिटून मांडीवर ठेवली. "मी बुडवलं भाऊजी तुमाले. तुम्ही जा आता नागपूरले."

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण साठीच्या पुढचा माणूस, मांडीवर वही घेऊन असा बसलेला, की राग टिकेना. मी म्हटलं, "ऊठ. एक लोखंड बाकी हाय. तू मोज. मुक्काम मोज, रजा नोको मोजू."

दुसऱ्या दिवशी तो पंचांग पाहून आल्यासारखा गंभीर. मी खुंटी काढायचो, तो मोठ्यानं मोजायचा, आणि दर दाताला थांबवून पुन्हा मोजायला लावायचा. जेवण केलं नाही. वीस दात झाले. बावीस. तेवीस. शेवटची खाच पडली तेव्हा आम्ही दोघांनीही डोळे मिटलेले होते, मशीन चालवताना मिटू नयेत हे कलम सातमध्ये लिहिलेलं असूनही. उघडले तर चोवीस दात, सगळे सारखे. साळ्यानं पट्टी लावली, पुन्हा लावली, आणि स्टुलावर बसून लहान पोरासारखा हुंदका दिला. चाक लालबर्ऱ्यात बसलं आणि फिरलं. पोरग्याला फोन केला, "दुकान चालू हाय, चावी माह्याजवळच राह्यते."

पुढे काम आलं, येत राहिलं. मधे साळ्याच्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यानं हिंदीत एक कागद दिला. त्याला वाचायची मनाई, म्हणून त्यानं मला अक्षर लावून वाचायला लावलं. तिसऱ्या ओळीत होतं, "धूल तथा लोहे के कणों से दूर रहें." मी वाचायला नको होतं. वाचलं. मला वाटलं, आता महिनाभर हा दिसत नाही. कागदाचा शब्द त्यानं जन्मात मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी चारला तो काळा चष्मा लावून दुकानाबाहेर उभा. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ स्टूल टाकून बसला. मी ओरडलो, "काहून आला? लिहेल हाय ना दूर राहा!"

"दूर लिहेल हाय भाऊजी. किती दूर, हे नाई लिहेल."

दुकान चालू राहावं म्हणून मी काय जीव काढला होता, आणि आता चार वाजले की मीच स्विच पाडतो. हात पुसतो, रस्ता ओलांडतो, त्याच्या बाजूला बसतो. मिलवाल्यांचे फोन येतात, मी उद्या म्हणतो. काळ्या चष्म्यामागे त्याचे डोळे झाकलेले असतात, आणि खाली उरतं ते नाक, ती हनुवटी. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं, सगळं त्याच्या बहिणीचं आहे. चहा संपतो, तरी मी कप खाली ठेवत नाही.