मुळासकट उपटलेली पात

भाजीवाली कांद्याच्या पातीची जुडी पिशवीत घालते आणि त्या वासासरशी मला रोह्याच्या आमच्या गॅलरीत बसलेले वडील आठवतात. पेणजवळच्या मिठागरात त्यांचा जन्म गेला. त्या खाऱ्या जमिनीत दारापुढे तुळससुद्धा धरायची नाही. म्हातारपणी ते माझ्याकडे राहायला आले आणि मोड आलेले कांदे त्यांनी एका फुटक्या टबात लावले. पात वीतभर वाढली. रोज सकाळी ते टब उन्हाकडे सरकवायचे, बोटांनी माती चाचपायचे. एका रविवारी माझ्या धाटावच्या कंपनीतले मित्र जेवायला आले, तेव्हा वडील देवळात गेलेले असताना मी सगळी पात मुळासकट उपटून पिठल्यात घातली. जेवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "वरून कापायची व्हती रं, कांदा ठेवला की परत येते," एवढंच ते म्हणाले. मित्र गेल्यावर हळूच म्हणाले, "माझ्या हातानं पयल्यांदा कायतरी हिरवं झालं व्हतं." दुसऱ्या दिवशी मी नवे कांदे आणले. "तू लाव, मी बघतो," म्हणाले. शिफ्टच्या धबडग्यात ते राहून गेलं, कांदे रोजच्या भाजीत संपले, आणि त्याच वर्षी वडील गेले. दोन कांदे मातीत खोचायला किती वेळ लागतो, ते मला आता कळतं.