मार्थामावशींची मूठ

समस्त मानवजातीस कळवण्यात येते की, डोळे मिटून प्रार्थनेला बसलेल्या माणसांइतकं पाहण्याजोगं दृश्य पृथ्वीतलावर दुसरं नाही. ओठ काय हलतात, भुवया काय नाचतात! देव बघतोच, थोडं मीही बघून घेतो.

परवाच्या रविवारी चर्चमध्ये मात्र माझी नजर आमच्या गल्लीतल्या मार्थामावशींच्या मुठीवर खिळली. आम्हा ख्रिस्ती लोकांविषयी मोबाइलवर काहीबाही खोटं पसरलं होतं, आणि आधीच्या रविवारी गल्लीतल्याच पोरांनी चर्चवर दगड फेकले. त्यातला एक मावशींच्या कपाळाला लागला. पट्टी अजून तशीच होती. हीच पोरं लहानपणी नाताळच्या करंज्या खायला मावशींच्या ओट्यावर रांग लावत.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उपासनेत कुणालाही उभं करून मोठ्याने प्रार्थना करायला सांगतात. ते म्हणाले, "मावशी, आज तुम्ही. आपल्या वैऱ्यांसाठी."

"साहेबांना काही दयामाया?" माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं.

मावशी उठल्या. मूठ घट्टच. चहूकडे द्वेष उसळलेला असताना आपणही त्यातला घोटभर प्यावा, असं कुणालाही वाटेल. मावशींनाही वाटत असणार. विश्वास धरून राहणाऱ्या माणसालाही राग येतोच. तो फक्त रागासकट देवापुढे उभा राहतो.

मग मूठ किंचित सैलावली आणि मावशी घाईघाईने ओरडल्या,

"बापा, त्या मेल्यांना क्षमा कर! आणि लगेच कर, माझं मन फिरायच्या आत!"