आसगावचे पाच पाहुणे

भंडाऱ्यात टॉकीजसमोर मी फुटाणे विकायची. पितळी भांडी घडवणारा एक जण दर गुरुवारी विचारायचा, "मावशी, रिळांची पेटी आली का?" त्याच्या लाडक्या नटाचा सिनेमा दीड वर्ष पुढे ढकलला जात होता.

"आली, पण दुसऱ्याच सिनेमाची."

"चांगली चीज बनाले वेळ लागते," तो म्हणायचा. जसा काही हाच बनवत होता.

एकदा त्याने बाजारात छातीठोकपणे सांगितलं, या शुक्रवारी नक्की. आसगावची पाच माणसं धानाची रोवणी सोडून आली आणि सिनेमा आलाच नाही. त्यांच्या शिव्या त्याने ऐकून घेतल्या आणि पाचही जणांना घरी जेवायला नेलं.

शेवटी सिनेमा आला. पहिल्या खेळाची घंटा झाली, तरी हा सहा तिकिटं धरून दारातच.

"काहून उभा हायेस? आत जाय ना."

"आसगाववाले यायचे हायेत. एसटी लेट हाय."

ते आले तेव्हा अर्धा सिनेमा संपला होता. सुटल्यावर मी म्हटलं, "गेला ना अर्धा?"

"उद्या पुरा पाहू, मावशी. आज ते माझ्याचकडे मुक्कामी हायेत."

मला त्याच्या बायकोची कीव आली. फुटाण्यांची पुडी मात्र मी सहा जणांना पुरेल एवढी बांधली.