दादाच्या हातची वेणी

मी केस कापून घेतले तेव्हा घरात सगळ्यात जास्त हळहळला तो माझा भाऊ. आईनं "बरं दिसतंय" म्हणून भाजी ढवळली आणि विषय संपवला. दादा मात्र जेवता जेवता माझ्या मानेकडं बघायचा आणि परत ताटात बघायचा. शेवटी म्हणाला, "माझी एवढी मेहनत एका कात्रीत घालवलीस गं." मी गेवराईच्या दवाखान्यात नर्स आहे, ड्युटीच्या धावपळीत लांब केस सांभाळायला वेळ कुणाला असतो? त्याला पटतं ते सगळं, पण वाईट वाटायचं ते वाटतंच. त्याचा हक्कच आहे म्हणा तो, कारण त्या केसांच्या वेण्या मी तिसरीत असल्यापासून त्यानं घातल्या होत्या.

आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी गेला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. म्हणजे आईला घरी राहायची सोयच नव्हती. मी दुसरीत असताना मलाही नेलं होतं. धाकटा भाऊ तान्हा होता, आई फडात मोळ्या बांधायची आणि मी पाचटाच्या कोपीपाशी, म्हणजे आमच्या झोपडीपाशी, त्याला कडेवर घेऊन उभी. परत आले तर वर्गातल्या पोरी घडाघडा पाढे म्हणत होत्या आणि मला माझं नाव लिहिताना मधेच अडायला व्हायचं. इतकी लाज वाटायची की मी पोटात दुखतंय असं सांगून घरी बसायची.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रक यायची वेळ झाली तेव्हा दादानं बापाला सांगितलं की हिला ठेवून जा, मी बघतो सगळं. दादा तेव्हा आठवीत होता. घरात आबा होते, म्हणजे आमचे आजोबा, पण त्यांना नीट दिसत नव्हतं आणि शेळ्यांमागं त्यांचा दिवस जायचा. बाप आधी हसला. बाईमाणूस नसलेल्या घरात पोरगी कोण सांभाळणार? आईनं मात्र दादाकडं असं बघितलं की बापाला हसू आवरावं लागलं. अखेर ठरलं असं की शेजारची चुलती लक्ष ठेवील, आणि तिची एक जरी तक्रार आली तर मधल्या ट्रकनं पोरगी कोपीवर.

चुलती मनानं वाईट नव्हती, पण तिची नजर! भाकरी कच्ची आहे का, भांडी घासलीत का, ती उंबऱ्यातूनच बघायची. आणि सगळ्यात आधी बघायची माझं डोकं. शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी, वर घडी घालून बांधलेल्या, असा नियम होता. आमचं घर नीट चाललंय की नाही याची परीक्षा माझ्या डोक्यावरच व्हायची.

भाकरी दादाला येत होती. कोपीवर वाढलेल्या पोराला ती येतेच. वेणी येत नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं माझे केस हातात धरले आणि आबांकडं बघितलं. आबा शेळ्यांची दावी आणि गोफणी करायचे, अंबाडीचा वाख भिजवून तीन पेड घालून विणायचे, आणि ते दादाला त्यांनी शिकवलं होतं. मग काय, दादानं माझं डोकं तांब्याभर पाण्यानं भिजवलं, पायाच्या अंगठ्यात वाख धरायची सवय म्हणून मला दोन गुडघ्यात घट्ट धरलं आणि ओढून ओढून अशी वेणी घातली की माझ्या भुवया वर गेल्या. शेवटी रिबिनीला दाव्याची गाठ. मी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होते.

शाळेत बाईंनी उवा बघायला वेणी सोडायला घेतली तर गाठ सुटेना. दातानं ओढून बघितली, तरी नाही. बाई हसायला लागल्या आणि कुणी बांधली म्हणून विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, दादानं. बाईंना इतकं कौतुक वाटलं की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी सगळ्या शाळेपुढं दादाचं नाव घेतलं. बाईंचं मन चांगलं होतं, पण कौतुक राहिलं बाजूला आणि गावभर बोभाटा झाला. हायस्कुलातल्या पोरांना आयतंच सापडलं.

बायल्या. स्टँडवरच्या हॉटेलापुढून दादा गेला की कुणीतरी हा शब्द टाकायचंच. कुणी विचारायचं, माझीबी वेणी घालतो का बे. त्यांच्यात दादाच्याच वर्गातला एक पोरगा सगळ्यात पुढं होता. त्याचेही आई-बाप तोडीलाच गेलेले, घरी त्याची माझ्याएवढी बहीण होती. मांजरसुंब्याच्या धाब्यावर मिशीवाले गडी दिवसभर भाकऱ्या थापतात, त्यांना कुणी बायल्या म्हणत नाही, उलट गिऱ्हाईकं वाकून कांदा मागतात. पण हे तेव्हा मला कुठं सुचायचं? मला नुसता राग यायचा आणि मी मुठी वळायची. दादा वेणी घालताना दार लोटून घ्यायला लागला.

आबांना त्याचं गप्प होणं कळलं असावं. म्हणाले, "हसणाऱ्याचे दात दिसतेत, आपलं काय जातंय?" दादा म्हणाला, आबा, तुमाला दिसत न्हाई म्हणून बरं हाय. आबा हसले, पण दादा हसला नाही.

एक दिवस मधल्या सुट्टीत त्या पोरांनी त्याला धरलं. दोघांनी हात धरले आणि त्या पुढच्या पोरानं दादाच्या केसांना लाल रिबीन बांधली. घट्ट, निघू नये अशी. मग त्याला तसाच मैदानभर फिरवला, आणि पोरं टाळ्या वाजवत होती. हायस्कूल आमच्या शाळेला लागूनच होतं, मी कुंपणातून बघितलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रिबीन खिशात होती. त्यानं ती साबण लावून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. मी बघतच राहिले. तो म्हणाला, "नवी हाय. तुझी एक फाटली व्हती ना?"

मी तेव्हा रडले. आजही हे लिहिताना डोळे भरतात.

पण चुलतीपर्यंत गोष्ट पोचलीच होती. तिनं त्याच संध्याकाळी बापाला फोन लावला. पोराची गावात शोभा व्हायला लागली, आता पोरगी घेऊन जावा, म्हणून तिनं सांगितलं. बापानं लगेच ठरवलं. बाजाराच्या दिवशी मुकादमाची गाडी गावात यायची होती, तिच्यात मला बसवायचं. मी भिंतीला चिकटून ऐकत होते. माझ्या डोळ्यांपुढं ती कोपी आली, कडेवरचं पोर आलं आणि पाढे म्हणणाऱ्या पोरी आल्या. दादानं चुलतीपुढं हात केला आणि फोन मागितला. बापापुढं तो आजवर वर मान करून बोलला नव्हता.

"आण्णा, हसतेत ते मला हसतेत, तिला न्हाई. मला हसू द्या. तिची शाळा कावून बुडवता?"

पलीकडून बाप काहीतरी बोलला, दादानं हं म्हटलं आणि फोन चुलतीला दिला. चुलतीनं पदरानं फोन पुसला, आत गेली आणि वाटीत गोडंतेल घेऊन आली. कोरड्या केसांची वेणी घालू नये, म्हणाली, तुटतेत. एवढंच. गाडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादानं दार लोटलं नाही. पोतं बाहेर ओट्यावर टाकलं, मला पुढ्यात बसवलं आणि बरोबर हायस्कूलची पोरं जायच्या वेळेला फणी हातात घेतली. माझ्या केसांना तेल आणि एका वेणीला ती त्यांचीच रिबीन. पोरं थांबली, काहीबाही बोलली. दादा पेडावर पेड घालत राहिला, एकही चुकला नाही. तो रोज बाहेरच बसायला लागला. रोज रोज हसायला तरी किती जमणार? पोरांनाच कंटाळा आला.

मग एका सकाळी त्या पुढच्या पोराची बहीण आली. केसांचं पार घरटं झालेलं, हातात फणी. काही न बोलता माझ्या मागं नंबर लावल्यासारखी बसली. दादानं माझी वेणी संपवली आणि तिचे केस हातात घेतले. तेवढ्यात तिचा भाऊ आला. लालबुंद झालेला. ऊठ, घरी चल, म्हणून खेकसला. ती उठली नाही. मान न वळवताच तिनं विचारलं, "तू घालतोस का मग?"

तो पाय आपटत निघून गेला. पुढं कधीतरी तो ओट्याच्या कडेला टेकून दादाच्या हातांकडं बघत बसलेला मला आठवतो. तिसरा पेड कुठून घेतोस, असं त्यानं हळूच विचारलं होतं. माफीबिफी काही मागितली नाही त्यानं. मी अजून त्याच्यावर थोडी चिडलेली आहे, खोटं कशाला बोलू. दादानं मात्र त्याला पेड दाखवला.

तोड संपल्यावर, उन्हाळा लागता लागता आई-बाप धाकट्याला घेऊन परत आले. मी तिसरीचं पुस्तक आईला घडाघडा वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पानावर बोट ठेवून ऐकत होती. मग तिनं मला जवळ ओढलं आणि वेणी सोडायला घेतली. गाठ सुटेना. उसाच्या पाल्यानं तिच्या बोटांना चिरा पडलेल्या, त्यात रिबिनीचा धागा अडकत होता. दादानं पुढं होऊन एका झटक्यात गाठ सोडली. आई त्याच्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर काढला, केसांचा बुचडा सोडला आणि त्याच्यापुढं पाठ करून बसली. त्या केसांत पाचटाची कुसळं होती. फडावर तिचे केस विंचरायला कोण होतं?

"माझीबी घाल रे बाळा," ती म्हणाली.

ओट्यावर, सगळ्या गल्लीपुढं. येणारे-जाणारे बघत होते. दादानं बापाकडं बघितलं. बाप दारात उभा होता. तो आत गेला, कोनाड्यातली तेलाची बाटली घेऊन आला आणि दादाच्या शेजारी ठेवली. मग तिथंच खाली बसला आणि आईच्या केसांतली कुसळं एकेक करून काढायला लागला.