सतराच्या वर

"स्वच्छ पाण्याचा बीओडी पाचाच्या खाली. घाण पाण्याचा सतरा, सतराच्या वर," सर म्हणाले आणि खडू माझ्या बाकाकडे रोखला. "त्या बाकाचा किती असेल?"

अख्खा वर्ग हसला. मीपण हसले. मीपण हसले, हे मला आजही सहन होत नाही.

झालं होतं एवढंच. बारावीचं वर्ष. हिंजवडीत दुसऱ्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. त्या दिवशी पर्यावरणाच्या रसायनशास्त्राचा धडा. सर म्हणाले होते, हा धडा म्हणजे फुकटचे मार्क, अर्ध्या तासात उरकू. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, तो बीओडी. घाण जास्त, तर बीओडी जास्त. मग त्यांनी विचारलं, तो कमी कसा करायचा?

कुणाचा हात वर नाही. मी केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"सर, पाण्यात हवा सोडायची. ब्लोअर लावून. मग जिवाणू घाण खातात. माझे वडील सोसायटीच्या सांडपाण्याच्या प्लांटवर आहेत. ते रोज करतात."

उत्तर बरोबर होतं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं नाही, कुणी वहीत लिहिलं नाही. सरांनी फक्त विचारलं, "सांडपाणी म्हणजे संडासाचं ना?"

मी हो म्हणाले. मग ते पाचाचं आणि सतराचं वाक्य आलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव सतरा. मुलं म्हणायची, मुली म्हणायच्या. आठवड्याभरात सरही म्हणायला लागले. माझ्या शेजारची मुलगी एक बाक पुढे सरकली. भांडली नाही, बोलली नाही. नुसती सरकली.

आम्ही हिंजवडीला लागूनच्या माण गावचे. पण माणमध्ये सगळेच एका माणचे नाहीत. ज्यांच्या जमिनी आयटीच्या कंपन्यांना गेल्या त्यांनी चार-चार मजले चढवले, खोल्यांत भाडेकरू भरले. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला. जमीन नव्हतीच. गावात जनावर मेलं की ओढायला माझ्या आज्याला हाक यायची. मग सोसायट्या आल्या. गेटवर उभं राहायला गावातली पोरं घेतली, लिफ्टला घेतली, बागेला घेतली. सांडपाण्याच्या टाकीला माणूस हवा होता तेव्हा मॅनेजर थेट आमच्या वस्तीत आला. त्याला आमचा पत्ता कुणी दिला? त्याला गावात कुणाला विचारावंसुद्धा लागलं नसेल.

हे सगळं मला तेव्हा कळत होतं का? नाही. तेव्हा मला एकच कळत होतं, की माझ्या अंगाला वास येतो. मी सकाळी दोनदा आंघोळ करायचे. वहीचा वास घेऊन बघायचे. आबांचे, म्हणजे वडिलांचे, कपडे माझ्या कपड्यांजवळ वाळत घालू नको म्हणून आईशी भांडायचे.

एकदा बस बंद होत्या, तर आबा सायकल घेऊन क्लासच्या फाटकापाशी आले. कामावरचाच खाकी शर्ट. मी दोघी जणींबरोबर खाली उतरत होते.

एकीनं विचारलं, "कोण गं ते?"

"आमच्या गावचे आहेत," मी म्हणाले.

आबांनी ऐकलं. त्यांनी सायकल वळवली आणि हळूहळू पुढं गेले. चौक ओलांडून, कुणाला दिसणार नाही अशा जागी थांबून राहिले. मी गेले तेव्हा म्हणाले, "बस मागं." घराजवळ आल्यावर म्हणाले, "मी गावचाच हाय की. खोटं न्हाई बोललीस."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी त्यांचा शर्ट बादलीत बुडवताना मी चिडून म्हणाले, "आबा, तुमी तितनंच हातपाय चांगलं धुवून का येत न्हाई? लई वास येतोय."

ते दारात बसले होते. म्हणाले, "येत आसंल. मला कुटं कळतंय. माजं नाक गेलंय."

"गेलंय म्हंजी?"

"वासच येत न्हाई. दोन वर्सं झाली. तुज्या आयच्या भाजीचा न्हाई, फुलाचा न्हाई. आदी टाकीजवळ गेलं की डोकं फिरायचं, सडक्या अंड्यावानी वास. आता कायबी न्हाई. बरंच झालं म्हनायचं."

सडक्या अंड्यावानी. हे शब्द माझ्या वहीत होते. हायड्रोजन सल्फाइड. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन जाड इंग्रजी पुस्तक काढलं. हवा न मिळता घाण कुजली की हा वायू होतो. थोडा असेल तर वास येतो. वाढला की नाक बधिर होतं. माणसाला वाटतं, वायू गेला. वायू तिथंच असतो. आणखी वाढला की माणूस जागच्या जागी कोसळतो. मी ते पान तीनदा वाचलं. परीक्षेसाठी वाचत नव्हते.

घरी येऊन आबांना मराठीत सांगितलं. विचारलं, टाकीत वायू कसा होतो, ब्लोअर तर असतो ना?

"मॅनेजर बंद ठेवाय लावतोय. लाईट लई खातोय म्हनं. तपासनीला कुनी येनार आसलं की चालू." मग म्हणाले, "म्हंजी मी दोन वर्सं मरनाच्या तोंडाशी हुबा हाय, आन मला कुनी सांगितलं न्हाई?"

त्या आठवड्यात क्लासला उजळणी होती.

"सतरा, ऊठ. हायड्रोजन सल्फाइड. सांग."

मी उठले. "सर, माझं नाव घ्या. मग सांगते."

"काय?"

"हजेरीत माझं नाव आहे. ते घ्या."

"गंमत कळत नाही का तुला? एवढाच इगो असेल तर बाहेर जा."

"जाते. उत्तर देऊन जाते." मी बाकातून बाहेर आले. "त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो वाढला की वास येत नाही, कारण नाक मरतं. माझ्या वडिलांचं मेलंय. तुमच्यासारख्यांच्या घरातून खाली जे येतं ते साफ करून मेलंय. वास त्यांचा नाही, सर. वास तुमचा आहे. ते फक्त उपसतात."

कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या मागोमाग कुणी उठलं नाही. मी दप्तर उचललं आणि जिना उतरले. परत गेले नाही. घरीच अभ्यास केला, जुन्या नोट्सवर.

दोन आठवड्यांनी प्लांटमधला पंप गाळानं अडकला. मॅनेजर म्हणाला, टाकीत उतर. आबांनी आधी तीनदा उतरून गाळ काढला होता. या वेळी म्हणाले, "न्हाई उतरनार. माजी लेक म्हनती, आत वायू हाय."

"लेक कोण आहे? डॉक्टर?"

"इंजनेर व्हनार हाय."

मॅनेजरनं त्यांना दुपारीच घरी पाठवलं. उद्यापासून येऊ नको. आबा सांगत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट. पंप अजून अडकलेलाच आहे. उद्या कुणीतरी उतरणार.

सकाळी मी सोसायटीच्या मागच्या बाजूनं आत गेले. झाकण उघडं होतं. एक परका माणूस कंबरेला दोर बांधून काठावर बसला होता, पाय आत सोडून. बांधकामावरून आणलेला असावा. मी ओरडले, "भैया, नीचे मत उतरो! नीचे गैस है. बदबू भी नहीं आएगी, सीधा गिर जाओगे."

तो गोंधळला. "साहब ने बोला है."

"साहब को पहले उतरने दो."

त्यानं मॅनेजरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाय वर घेतले. मॅनेजरनं वॉचमनला हाक मारली. वॉचमन गावातलाच, माझ्या वर्गातल्या मुलीचा काका. "पोरी, घरी जा. उगा तमाशा नको."

"काका, झाकण लावा. मग जाते."

ऊन चढेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. शेवटी काकांनी झाकण लावलं.

पुढं त्यांनी गाळ उपसायची मशीनची गाडी आणली की आणखी कुणाला उतरवलं, मला माहीत नाही. हे माहीत नसणं मला झोपू देत नाही. आबांना ती नोकरी परत मिळाली नाही, नाकही परत आलं नाही. माझा नंबर मोठ्या कॉलेजात लागला नाही. लांबच्या एका कॉलेजात सिव्हिलला जागा मिळाली. घेतली.

मी बांधीन त्या टाकीत माणसाला उतरावं लागणार नाही. गाळ काढायची सोय बाहेरूनच असेल, नाहीतर मी नकाशावर सही करणार नाही. आणि तोवर कुठं झाकण उघडलंय असं कळलं, तर मी काठावर जाऊन उभी राहणार. मला हाकलायला त्यांना माणसं आणावी लागतील. आणू देत.